बेचाळीस पावलं

झिला शोरॉकबद्दल आमच्या हेझल्डन या गिरणीगावात जो तो आपापल्या सोयीने सांगतो. कुणाच्या तोंडी ती देवी असते, कुणाच्या तोंडी म्हाताऱ्या बापाला चारचौघांत उभं करणारी कैदाशीण. मी तिच्या शेजारच्या साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, अकरा वर्षं काढली. तिचे चार, माझे चार, मध्ये एक बाई आडवी होऊन जेमतेम जाईल एवढी बोळ. तेव्हा मी सांगते ते ऐका. यात माझाही एक भाग येतो. तो मला शोभणारा नाही, पण तो गाळला तर बाकीचं सांगण्याचा मला हक्क राहत नाही.

साल १९०८. झिला तेव्हा बावीसची. उंच, हाडकुळी, कोपरापर्यंत बाह्या सारलेली, पुढचे दोन दात किडलेले. दात आम्हा सगळ्याच जणींचे तसे होते. धोट्यात, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होडीत, नवी कांडी घातली की धाग्याचं टोक त्याच्या भोकातून ओठांनी ओढून घ्यावं लागे, दिवसातून दोन-तीनशे वेळा. पुरुष त्याला धोट्याचा मुका म्हणत आणि आमच्या वाटणीला मग काय उरतं, असं विचारून हसत.

बाराव्या वर्षी ती सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा अशी आत आली. अठराव्या वर्षी तिच्या हाती चार साचे आले. चार साचे म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजत नाही. आमच्या खोऱ्यात विणणाऱ्या बाईला पुरुषाइतकाच दर होता. लग्न झालं तरी साचे तुमचेच राहत. कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाच्या घरची भांडी घासायची नाहीत. झिला सकाळी साच्यांवरून हात फिरवायची तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसे, ते मी काही लग्न झालेल्या बायकांच्या तोंडावरही पाहिलेलं नाही.

साचेखात्यात हजार साचे एकदम सुरू झाले की कानाजवळ तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज काढायचाच नाही, शब्द ओठांवर मोठा करून दाखवायचा आणि समोरच्याने तो वाचायचा. ही बोली आमच्या अंगात इतकी मुरलेली की बाजारात, चॅपेलात, रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला आम्ही तशाच बोलतो. एखादीला खरंच गुपित सांगायचं असेल तर ती तोंडाच्या कडेला हात आडवा धरते. अख्खं गाव डोळ्यांनी ऐकतं, तिथे दुसरा इलाज नाही.

आणि या गावात ओठ वाचणारा सगळ्यांत पटाईत माणूस कोण, तर झिलाचा बाप एनॉक. पन्नास वर्षं साच्यांत गेली, दोन्ही कान ठार गेले. पण नजर अशी की स्टेशनच्या पलीकडच्या फलाटावर नवराबायकोचं काय बिनसलंय ते इकडे बसून सांगे. नवे पाद्रीबाबा पेनरोझ आले, त्यांना झुपकेदार मिशा. एनॉक सहा वर्षं पहिल्या बाकावर बसला आणि त्या मिशांपायी एका प्रवचनाचं अक्षरही त्याच्या पदरात पडलं नाही. तरी रविवार चुकवला नाही. बायबल त्याला सबंध पाठ होतं, त्यामुळे त्याचं अडत नव्हतं.

बायको गेली तेव्हा झिला नऊ वर्षांची होती. बापाने तिला एकट्याने वाढवलं. कधी हात उगारला नाही, कधी खोटं बोलला नाही. त्याची एकच खोड होती. नको असलेलं बोलणं निघालं की तो डोळे मिटायचा. झालं. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी वाद घालायला जगात जागाच उरत नाही. लहानपणी झिला त्याच्या पापण्या बोटांनी उघडायची. मोठी झाल्यावर नुसती समोर बसून राहायची आणि शेवटी उठून भांडी घासायला लागायची.

आता जेबेझ हिंडल. तो आमचा जॉबर. ऐंशी साचे त्याच्या हाताखाली. साचा मोडला तर तो दुरुस्त करणार, आणि तो येईपर्यंत साचा बंद, म्हणजे त्या साच्याची मजुरी बंद. वय चव्वेचाळीस, बायको वारलेली, रविवारच्या शाळेचा मुख्य, गळ्यापर्यंत बटणं. एनॉक त्रेसष्टचा झाला, हात मंदावले, चार साच्यांचे तीन आणि तिनाचे दोन झाले. दुसऱ्या कुणी त्याला घरी बसवलं असतं. हिंडलने ठेवून घेतलं. एनॉकला वाटे, हा देवमाणूस. आणि हिंडलच्या मनात झिला आहे हे कळल्यावर तर त्याला स्वर्ग दोन बोटं उरला.

झिलाच्या मनात मात्र सहकारी दुकानातला विल्फ सगडन होता. डोंगरापलीकडचा, यॉर्कशरचा. आमच्याकडे यॉर्कशरचा म्हटलं की बायका आधी पर्स सांभाळत. त्याला ओठबोली बिलकुल येत नव्हती. एक दिवस तो साखर बांधत असताना दोघी जणी त्याच्यासमोरच त्याच्या कानांवर बोलत होत्या, अर्थात बिनआवाजी. झिला मागे उभी. त्या गेल्यावर तिने त्याला सांगितलं, "त्या म्हणत होत्या, तुमचे कान कपाच्या कानांसारखे आहेत. धरून उचलता येईल म्हणे तुम्हाला."

विल्फने निळ्या कागदाची पुडी शांतपणे बांधली. "सांगा त्यांना, या कानांनी ऐकू तरी येतं."

झिला दुकानात मोठ्याने हसली. ती मोठ्याने हसते हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर तिच्या घरात चहा आणि साखर भलतीच लवकर संपायला लागली, कारण आणायला तीच जायची. ती त्याला ओठबोली शिकवत होती. तो शिकण्यात दगड होता. "पाव" म्हणायला त्याला दोन महिने लागले.

सप्टेंबरात माळावर फिरताना त्याने तिला लग्नाचं विचारलं. वर ऐटीत म्हणाला, "माझ्या बायकोला गिरणीत जावं लागणार नाही."

"लागणार नाही, ते ठीक," झिला म्हणाली. "पण जायचं असेल तर?"

हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग म्हणाला, "मग संध्याकाळचा चहा मी करून ठेवीन."

"तुझा चहा मी प्यायलेय."

"मग शिकेन."

हे सगळं तिने मला दुसऱ्या दिवशी साच्यांच्या गदारोळात ओठांनी सांगितलं, तोंडाच्या कडेला हात धरून. होकार मात्र तिने दिला नव्हता. आधी बाबांना सांगते, म्हणाली होती. रोज संध्याकाळी सांगायला बसायची. "बाबा, विल्फ सगडन..." एवढं ओठांवर आलं की एनॉकचे डोळे मिटत. असे पाच आठवडे गेले.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी तिचा तिसरा साचा मोडला. हिंडल आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी दुपारी आला. हातात पाना होता. साच्यावर वाकला आणि डावा हात तोंडाच्या कडेला असा आडवा धरला की माझ्या बाजूने काही दिसू नये. पलीकडे भिंत. मागे खांब. समोर सरळ लांब बोळ, आणि त्या बोळीच्या दुसऱ्या टोकाला एनॉकचे दोन साचे. म्हातारा आपलाच माणूस, या भरवशावर ती एक बाजू त्याने उघडी सोडली.

काय बोलला ते मला दिसलं नाही. मला त्याचा हात दिसला आणि झिलाचं तोंड दिसलं. ते पांढरं पडलं. मग तिचे ओठ हलले, "नाही". पुन्हा एकदा, "नाही". मग तिने चालू असलेले तिन्ही साचे एकामागून एक बंद केले. यंत्रात हात अडकल्याशिवाय विणणारी बाई चालू साचे बंद करत नाही. ती ताठ मानेने बोळीतून निघाली आणि मॅनेजरच्या खोलीत गेली.

तिने तिथे सांगितलं ते असं: हिंडल म्हणाला, शनिवारी दुपारी माझ्या घरी ये, एकटी. नाही आलीस तर हा साचा असाच राहील, आणि बापाचे दोन काढून घेईन.

हिंडल म्हणाला, मी तिला खराब कापडाबद्दल बोललो, त्याचा राग आहे तिला. कोण कुणाच्या मागे लागलं होतं ते तिच्या बापालाच विचारा.

गिरणीत कुरबुर सुरू झाली. विणकर संघाने मॅनेजरला सांगितलं की चौकशी नाही तर सोमवारी साचे बंद. शेवटी ठरलं की पाद्रीबाबा पेनरोझ यांनी शनिवारी दुपारी चॅपेलात दोघांचं ऐकावं आणि त्यांचा निवाडा सगळ्यांनी मानावा. झिलाचं खरं ठरलं तर हिंडल जाणार. नाही ठरलं तर तिने साचेखात्यात सगळ्यांसमोर माफी मागायची आणि साचे सोडायचे. आमच्या खोऱ्यात माफी मागून गेलेल्या बाईला दुसरी गिरणी दारात उभं करत नसे.

शुक्रवारी सकाळी संघाचे चिटणीस माझ्याकडे आले. "अल्विना, तू शेजारी होतीस. काय पाहिलंस?"

"मी तुटलेला धागा जोडत होते," मी म्हणाले. "माझी मान खाली होती."

माझी मान खाली नव्हती. पण आई अंथरुणाला खिळलेली, दोन भाऊ लहान, आणि माझे चारही साचे हिंडलच्याच हाताखाली. कारणं होती. कारणं सगळ्यांकडेच असतात. झिलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही आणि ते मला फार लागलं.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिने बटाटा आणि मटणाचं कालवण केलं होतं. एनॉक जेवत होता. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, दिवा तोंडावर येईल अशी.

"बाबा, काल तुम्ही वर बघितलंत. तुम्ही बघत होतात ते मला दिसलं."

एनॉकने डोळे मिटले. घास चावत राहिला.

ती थांबली. घड्याळ टकटक करत होतं, ते आम्हा दोघींनाच ऐकू येत होतं. तो डोळे मिटूनच मोठ्या आवाजात म्हणाला, "मीठ बेताचं पडलंय."

झिला उठली. मला वाटलं रडेल. तिने भांडी घासायला घेतली आणि मला म्हणाली, "बाबा खोटं बोलत नाहीत गं. ते फक्त डोळे मिटतात. उद्या विचारलं तरी तेच करतील."

"त्यांना भीती वाटते," मी म्हणाले. "साचे गेले तर म्हाताऱ्याला निराधारांचा गरीबखाना दिसत असेल."

"आणि मी दिसत नाही त्यांना? मी असताना गरीबखाना?" तिने पातेलं आपटलं. "माझ्या मजुरीवर दोघं जगू शकतो हे त्यांच्या गावीच नाही. मुलगी म्हणजे उजवायची वस्तू, बस."

मागच्या दाराशी विल्फ आला होता. टोपी हातात. "झिला, उद्याचं काही होवो. सोमवारी गाडीने माझ्या गावी चल. आईचं दुकान आहे, वर दोन खोल्या आहेत. कशाला हवं हे सगळं?"

"आणि तिथे मी कोण? हाकलली म्हणून आलेली?"

"माझी बायको."

"पळून आलेली बायको," ती म्हणाली. "तुझी आई काही म्हणणार नाही, पण मी रोज उठून तेच ऐकेन. विल्फ, मला इथे माझे साचे हवेत. मग तू. या क्रमाने नव्हे, दोन्ही. पण एकाच्या बदल्यात दुसरं नको."

विल्फला राग आला होता. त्याचे कान लाल झाले. "म्हणजे उद्या हरलीस तर मीही गेलो?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं आणि म्हणूनच वाईट होतं. तो टोपी घालून निघून गेला.

शनिवारी बाराचा भोंगा झाला आणि दोन वाजता चॅपेल भरलं. शाली, लाकडी तळांच्या बुटांची खडखड, ओल्या लोकरीचा वास. पाद्रीबाबा टेबलाशी, बाजूला मॅनेजर आणि संघाचे चिटणीस. झिला एका बाजूला उभी. हिंडल दुसऱ्या बाजूला, हात मांडीवर जोडून, प्रार्थनेला बसावा तसा. विल्फ शेवटच्या रांगेत होता. आला होता, एवढं मी पाहिलं.

झिलाने सांगितलं. हिंडलने सांगितलं. त्याचं ऐकायला गोड होतं. मग पाद्रीबाबांनी एनॉकला पुढे बोलावलं. पाद्रीबाबांच्या मिशा, म्हणून चिटणीस स्वतः समोर उभे राहून ओठांनी विचारू लागले. गुरुवारी दुपारी वर पाहिलंस का? हिंडल काय बोलला ते दिसलं का?

एनॉक टोपी फिरवत राहिला. म्हणाला, "बेचाळीस पावलं आहेत तिथून. म्हातारं माणूस बेचाळीस पावलांवरचं काय वाचणार?"

तो खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त विचारलं होतं. पण हिंडलच्या खांद्यांतला ताठा उतरला आणि मॅनेजरने कागद गोळा करायला घेतले. झिला पुढे आली.

"पावलं मोजून घ्या," ती म्हणाली. "मी तितक्या अंतरावर उभी राहते. बाबांना वाचू दे. वाचता नाही आलं तर मी इथल्या इथे माफी मागते. वाचता आलं तर त्यांना गुरुवारचं पुन्हा विचारा."

पाद्रीबाबांना ते पटलं. त्यांनी एका चिठ्ठीवर बायबलातलं वचन लिहायला घेतलं. तेव्हा हिंडल पहिल्यांदा आपणहून बोलला.

"वचन नको. एनॉकला सगळं बायबल पाठ आहे. दोन शब्दांवरून पुढचं म्हणेल. कुणालाच माहीत नसेल असं काहीतरी बोलू दे तिला. आणि बसलेल्या सगळ्यांनी एनॉककडे पाठ करून बसावं. इथल्या बायका त्याला खुणावतील."

हुशार माणूस. सगळं धरून होता. झिलाने त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "बरं," ती म्हणाली. तिने चिठ्ठी घेतली, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि घडी करून पाद्रीबाबांना दिली. पाद्रीबाबांनी वाचलं. त्यांच्या मिशांखाली काहीतरी हललं. "तुझी खात्री आहे, मुली?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली.

चॅपेल एकट्याचं तेवढं लांब नव्हतं. रविवारच्या शाळेच्या खोलीची मधली दारं उघडावी लागली. चिटणीसांनी पावलं मोजली. एनॉक वेदीच्या पायरीशी उभा राहिला, झिला पार पलीकडे, शाळेच्या खिडकीखाली, तोंडावर उजेड घेऊन. आम्ही सगळे मधे, तोंडं तिच्याकडे, पाठी त्याच्याकडे.

तिने शाल डोक्यावरून मागे टाकली आणि ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द सुटा.

ती बोलली ते तिथल्या अडीचशे विणकरांनी वाचलं. माझ्या शेजारच्या बाईने माझं मनगट धरलं. कुणी आवाज केला नाही. हिंडलनेही वाचलं असणार, तोही साच्यांवरच वाढलेला. शेवटच्या रांगेत विल्फ मान पुढे काढून तिच्या ओठांकडे डोळे फाडून बघत होता आणि त्याला ओ की ठो कळलेलं नव्हतं.

मग आम्ही थांबलो. मागे वळायचं नव्हतं. मागून आवाज यायचा होता आणि येत नव्हता. भिंतीवरचं घड्याळ, कुणाचं तरी खोकणं, आणि मागे काही नाही. मला फक्त झिलाचं तोंड दिसत होतं. म्हातारा काय करतोय ते तिच्याच तोंडावर दिसेल म्हणून मी बघत राहिले. आधी त्यावर काहीच नव्हतं. मग तिची हनुवटी थरथरली. मी समजले की त्याने डोळे मिटले. मला त्या वेळी त्या माणसाचा असा संताप आला की हात शिवशिवले. आणि त्याच दमात मनात आलं की मीही काल हेच केलं, फक्त त्याला मान खाली घालणं म्हटलं.

झिला हलली नाही. तिने पुन्हा तेच म्हटलं नाही. ती नुसती बघत उभी राहिली, लहानपणी बसायची तशी. पण या वेळी उठून जायला भांडी नव्हती.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मॅनेजरने खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आणि मग झिलाचं तोंड बदललं.

"बाबा," मागून एनॉकचा आवाज आला. बहिऱ्या माणसाचा आवाज, मोठा, सपाट, कुठे चढउतार नाही. "बाबा, डोळे मिटू नका. मी विल्फ सगडनशी लग्न करणार आहे. आणि माझे साचे सोडणार नाही."

शेवटच्या रांगेत बाक कोसळला. विल्फ उभा राहिला होता. अख्ख्या चॅपेलात आपल्या लग्नाची बातमी सगळ्यांत शेवटी त्याला कळली होती, तीही सासऱ्याच्या तोंडून. बायका हसल्या. तेवढा एकच क्षण तिथे कुणी हसलं.

पाद्रीबाबांनी चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचली. शब्दाला शब्द होता.

मग चिटणीसांनी एनॉकसमोर जाऊन विचारलं असेल, कारण तो पुन्हा बोलू लागला. आता आम्ही सगळे वळलो होतो. तो हिंडलकडे बघत नव्हता. पोरीकडे बघत होता, त्या बेचाळीस पावलांवरून, आणि सांगत होता. "शनिवारी दुपारी माझ्या घरी ये, एकटी. नाही आलीस तर हा साचा असाच राहील. आणि बापाचे दोन काढून घेईन." मग म्हणाला, "तो बाप मी. मी वर बघितलं, वाचलं, आणि माझी कांडी बदलत राहिलो. दोन साच्यांसाठी."

हिंडल म्हणाला, "म्हातारा भ्रमिष्ट झालाय."

तेव्हा मी उठले. "त्याने तोंडावर हात धरला होता, माझ्या बाजूने," मी म्हणाले. "आणि झिला दोनदा 'नाही' म्हणाली. माझी मान खाली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं." उशिरा बोलले, सगळं झाल्यावर बोलले, पण बोलले. माझ्यामागे आणखी तिघी उठल्या. त्यांच्याही साच्यांवर तो असाच वाकला होता, हे मला तेव्हा कळलं.

हिंडल पुढच्या आठवड्यात गाव सोडून गेला. सोमवारी सकाळी झिला तिच्या चार साच्यांपुढे उभी होती आणि तिसरा साचा चालत होता. सगळंच गोड झालं असं मात्र समजू नका. नव्या जॉबरने एनॉकचे दोन साचे काढून घेतले. मंद हात कुणालाच नको होते. ज्याची त्याला भीती होती तेच झालं, आणि तरी तो गरीबखान्यात गेला नाही, झिलाच्या घरी चुलीजवळ बसला. लग्न नाताळाच्या आधी झालं. विल्फ दुकानातून तिच्या आधी घरी येई आणि चहा करून ठेवी. तो चहा मी प्यायलेय. काही वर्षांनी बरा जमायला लागला. ओठबोली त्याला शेवटपर्यंत यथातथाच आली. दोन पोरं झाली, मधे थोडे महिने सोडले तर साचे सुटले नाहीत, आणि पुढे विणकर संघाच्या समितीवर झिला बसली, आमच्या गावची पहिली बाई.

बापलेकीत त्या शनिवारबद्दल पुन्हा बोलणं झालं का, मला माहीत नाही. एवढं पाहिलं की त्यानंतर ती समोर बसली की तो डोळे मिटत नसे. तिला काय काय सांगायचं असे. समितीचं, पोरांचं, साच्यांचं, सकाळी विल्फशी झालेल्या भांडणाचं. तो बघत राही. कधी झोप आली तरी पापण्या ओढून धरी. मला हसू येई.

१९१४ च्या वसंतात तो गेला, दुपारच्या वेळी, त्याच खुर्चीत. निरोप आला तशी मी धावत गेले. झिला त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली होती, खिडकीचा उजेड तोंडावर घेऊन, आणि तिचे ओठ हलत होते. तो गेलेला होता हे दारातूनच कळत होतं. डोळे उघडे होते. मी पुढे झाले आणि ते मिटायला हात नेला.

तिने माझा हात धरला. "थांब जरा, अल्विना," ती म्हणाली. "माझं अजून सांगून झालेलं नाही."